म्यूटवरचा माणूस

आमच्या घरात समोरची खोली एक आणि त्या खोलीत कामं दोन. खिडकीशी माझी शिलाई मशीन, भिंतीशी आमच्या यांचं टेबल, त्यावर कंपनीचा लॅपटॉप. मी गल्लीतल्या बायांच्या साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. हे मीटिंगा करतात. आता खरंच करतात. मधले काही महिने नुसते बसत होते, त्या महिन्यांचं मी सांगणार आहे. एक आधीच सांगून ठेवते. लिहिताना मी मला-तुला लिहीन, पण आमच्या घरात बोलणं मले-तुलेच चालतं, अन् ते सुधारायला मी काही जाणार नाही.

लग्न झालं तेव्हापासून हे नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. बिघडलेली मशीन उघडायची, दुरुस्त करायची, हे यांचं काम. सकाळी कंपनीची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची, हे डबा घेऊन पळत सुटायचे. संध्याकाळी परतायचे ते ऑइलचा वास अन् तोंडाची टकळी घेऊनच. आज अमक्या मशीनचं बेअरिंग गेलं, तमक्या पोट्ट्यानं पट्टा उलटाच चढवला, साहेब असं म्हणाले, मी तसं म्हणालो. मी पोळ्या लाटता लाटता हूं हूं करायची. आपल्यावाचून कारखान्यात पान हलत नाही, असा यांचा पक्का समज होता. खरं सांगायचं तर माझाही होता.

मग कंपनीनं नवीन टूम काढली. निरनिराळ्या गावांतल्या कारखान्यांत मशीन चालवायची जी जाडजूड इंग्रजी पुस्तकं असतात, ती कामगाराला कळेल अशा सोप्या भाषेत लिहून काढायची. त्यासाठी जुनी अनुभवी माणसं आणि काही शिकलेली तरुण मंडळी मिळून बारा जणांची टीम केली. कोणी पुण्याचा, कोणी इंदूरचा, कोणी कळमेश्वरचा. सगळ्यांनी आपापल्या घरी बसायचं, रोज सकाळी लॅपटॉपवर भेटायचं, कामं वाटून घ्यायची. यांचा गुडघा दुखायचा अन् अनुभव दांडगा, म्हणून यांना घेतलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, दुपारचं गरम जेवतील.

पहिल्या मीटिंगला हे इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून बसले. मी इकडे ब्लाउजला बाह्या जोडत होते. टीमचे साहेब पुण्याचे. ते मध्येच म्हणाले, "किसी के यहाँ से ट्रेन जैसी आवाज आ रही है, प्लीज म्यूट कीजिए." ती ट्रेन म्हणजे माझी मशीन. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे पाहिलं, अन् मशीन काही थांबवली नाही, कारण ब्लाउजवाल्या बाईला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. यांनी बटण शोधून आवाज बंद केला. कॅमेरा तर त्याआधीच बंद ठेवला होता. मागे दोरीवर गल्लीतल्या बायांचे ब्लाउज टांगलेले, माणूस कॅमेरा कसा चालू करणार? तर असे आमचे हे म्यूटवर गेले. पण काम मात्र जीव लावून करत. एकेका पानासाठी जुन्या सोबत्यांना फोन लावत, कागदावर पट्ट्याचं चित्र काढून मला दाखवत आणि विचारत, "तुले समजलं का? तुले समजलं म्हणजे कोणालेही समजन." हा माझा मान होता की अपमान, मी कधी विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता यांना ताप आला. असा तसा नाही, हाडं मोडणारा. उठून बसायची ताकद नाही, बोललं तर अर्धं कळायचं. सुट्टीचा अर्ज त्या लॅपटॉपमध्येच कुठंतरी भरावा लागतो म्हणे, तो मला येत नव्हता. पण मीटिंगमध्ये शिरायचं कसं, ते मी रोज पाहत होते. एक निळं बटण दाबायचं, बस.

माझं माहेर कळमेश्वर तालुक्यातलं. गावात भंडारा असला की प्रत्येक घरातून एक माणूस वाढायला द्यावा लागतो. घरचा कर्ता आजारी असेल तर बायको उभी राहते, बायको बाळंतीण असेल तर सासू उभी राहते. कोण आलं ते कोणी पाहत नाही, त्या घराची हजेरी लागली म्हणजे झालं. मी त्याच हिशेबानं गेले. सकाळी यांना काढा दिला, लॅपटॉप उघडला, निळं बटण दाबलं आणि साडी मांडीवर घेऊन हातशिलाई करत बसले. मशीन बंद ठेवली, उगीच कोणाला शंका नको. समोर काळे काळे चौकोन, प्रत्येकात कोणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर. त्यातलं एक आमचं. साहेब बोलत राहिले, बाकीचे बहुतेक गप्प. शेवटी "थँक्यू टीम, बाय" झालं की मी लाल बटण दाबायची. ताप उतरेपर्यंत रोज असंच केलं. त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

ताप उतरला, तोंडाला चव आली, तसा मी मऊ भात कालवून यांच्यासमोर ठेवला आणि माझा पराक्रम सांगितला. मला वाटलं, हसतील. यांनी विचारलं, "कोणी काही इचारलं नाई?"

"नाई ना जी. कोणालेच समजलं नाई."

"अन् माझ्या वाट्याची पानं? त्या आठवड्यात द्यायची होती."

"ते मले काय माहीत?"

यांनी भात बाजूला ठेवला, लॅपटॉप मागितला. पाहिलं तर काम पूर्ण झालेलं, यांच्या वाट्याची पानंही त्यात. साहेबांनी सगळ्या टीमला शाबासकी लिहिलेली, आणि टीममध्ये आमचे हेही आले. यांनी ती शाबासकी दोनदा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या जागी तू बसली काय अन् पाट मांडून ठेवला काय, सारखंच."

मी म्हटलं, "अहो, काम झालं ना? मंग काय बिघडलं?" यांनी लॅपटॉप मिटला. भात गार झाला, तसाच खाल्ला.

त्यानंतर हा माणूस आतून विझला. दुसरा शब्द मला सापडत नाही. त्यातच कंपनीचं पत्र आलं, की ज्या जुन्या लोकांना स्वखुशीनं नोकरी सोडायची असेल त्यांनी होळीपर्यंत कळवावं. हे म्हणाले, "कळवून टाकतो. तसंही मी नसलो तरी चालूनच राहिलं आहे." मला भीती वाटली. नोकरी सुटण्याची नाही. माझी शिलाई आहे, दोघांचं भागतं. पण आपण नसलो तरी चालतं, हे मनात घेऊन जो माणूस घरी बसतो, तो पुन्हा उठत नाही. माझ्या थोरल्या भावाचं मी ते पाहिलं आहे. धडधाकट माणूस, खाटेवर बसून बसून वाळून गेला. यांनी सोडायचीच असेल तर थकून सोडावी, रुसून सोडू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि ते यांना सांगायची सोय नव्हती, कारण रुसलेला माणूस आपण रुसलो आहे हे कबूल करत नाही.

थंडी पडली, बाजारात तुरीच्या शेंगा आल्या. हे मीटिंग लावायचे, आवाज बंद, आणि शेंगांची टोपली पुढ्यात ओढायचे. मीटिंग संपेपर्यंत वाटीभर सोले तयार. आधी मला मजा वाटली. इतक्या वेळा सोलेभात आमच्याकडे कधीच झाला नव्हता. शेंगा संपल्या की मटार, मटार संपले की माझ्या साड्यांच्या घड्या. एका कानानं मीटिंग ऐकायची, तीही न ऐकल्यासारखी. आणि लॅपटॉपचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे यांनी न ऐकलेली मीटिंग मीच ऐकायची.

रोजचं ठरलेलं होतं. साहेब एखाद्या कामाचं नाव घेत आणि विचारत, "ये वाला कौन करेगा?" त्यानंतर सगळं चिडीचूप. कोणी तोंड उघडत नसे. दारात पाहुणा उभा आहे आणि घरातला प्रत्येक जण, दुसरा कोणी उठून पाणी देईल, म्हणून जागेवरच बसला आहे, तशी ती शांतता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर बाराही घरं म्यूटवर. माझी सुई थांबायची. मलाच वाटायचं, अरे कोणीतरी बोला गा, त्या साहेबाला किती वेळ ताटकळत ठेवता. मग एक बारीकसा आवाज यायचा, "मैं कर देती हूँ, सर."

रोज तोच आवाज. मशीन साफ करायचं पान, "मैं कर देती हूँ." चित्रांखालची वाक्यं, "मैं कर देती हूँ." कोणाचं तरी अर्धवट राहिलेलं, तेही तीच. एकदा तिला खोकला झाला होता, तर खोकत खोकत म्हणाली. मी त्या दिवशी मनातल्या मनात तिला हळदीचं दूध दिलं.

मी यांना विचारलं, "कोण हो ही पोट्टी?"

"मौद्याकडची आहे. तिकडं ते मोठं वीज केंद्र आहे ना, त्याच्या जवळपास कुठं."

"लग्न झालं आहे? घरी कोण कोण आहे?"

"मले काय माहीत?"

"माहीत नाई म्हणजे? रोज तं भेटता."

"भेटत नाई वं," हे म्हणाले. "ऐकतो."

मला राग आला. मी म्हटलं, "ते पोरगी एकटी साऱ्यांचं ओढून राहिली, अन् तुम्ही इथं शेंगा सोलून राहिले."

"बाकीचेही सोलूनच राहिले असतील."

"बाकीच्यांचं मले सांगू नका. तुम्ही काहून करत नाई?"

"मी केलं काय अन् नाई केलं काय, शेवटी लिहितात टीमनं केलं." हे शेंग सोलत सोलत अगदी शांतपणे बोलले, म्हणून माझा पारा आणखी चढला. माझ्या तोंडून कामचोर हा शब्द निघून गेला. यांना आयुष्यात कोणी हा शब्द म्हटला नसेल. यांनी उरलेल्या शेंगा सोलल्या, टरफलं कागदात गुंडाळली, हात धुतले अन् बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी चहा दिला, तो घेतला.

मग एका सकाळी तो आवाज आला नाही. साहेबांनी विचारलं, "ये वाला कौन करेगा?" आणि जी शांतता पडली ती संपेचना. शेवटी साहेबच म्हणाले, "ठीक है, टीम देख लेगी." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मी मशीन थांबवली.

"ते कुठं आहे?"

"कोण?"

"मौद्याची."

यांनी चष्मा लावून चौकोन पाहिले. "नाव दिसून नाई राहिलं."

"काल पण नव्हती. इचारा ना."

"मी?"

"मंग काय मी इचारू? माझी काही ना नाई. मी तुमच्या जागी बसून पायलं आहे, अजून बसायचं म्हटलं तं बसू शकते." आणि मी खरंच खुर्चीकडे निघाले. मी निघाले की थांबत नाही, हे यांना माहीत आहे. यांनी घाईघाईनं आवाजाचं बटण शोधलं. इतक्या महिन्यांनी उघडलेला तो आवाज, आधी घसाच खाकरावा लागला.

"सर, वो मौदा वाली मॅडम कल से नहीं है. किसी को कुछ मालूम है क्या?"

साहेबांनी विचारलं, "सॉरी, आप कौन बोल रहे हैं?"

यांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणाले, "मैं यहीं रहता हूँ, सर. रोज." साहेब वाईट माणूस नव्हता, तो बिचारा वरमला. म्हणाला, मला वाटलं ती आलेली आहे, नुसती बोलत नाही आहे. इंदूरचा माणूस म्हणाला, मलाही तसंच वाटलं. कळमेश्वरचा म्हणाला, मी कालपासून जरा लग्नाच्या वराडात होतो, मी ऐकतच नव्हतो. फोन नंबर एकाकडेही नव्हता. साहेबांनी ऑफिसातून काढून नंतर यांना पाठवला.

यांनी लगेच फोन लावला, मी स्पीकरवर ठेवायला लावला. खूप वाजल्यावर उचलला गेला.

"काका, तुम्ही?" नाव सांगताच ती म्हणाली. तोच आवाज, पण मराठीत, अन् आमच्यासारख्याच मराठीत.

"हाव माय. बरी आहेस ना? मीटिंगमधी दिसली नाई."

"बरी आहो."

"मंग काहून नाई आली?"

"तसंच काका. पाहून राहिली होती, कोणी इचारते का म्हणून."

हे माझ्या शिलाईच्या स्टुलावर खाली बसले. मी टेबलाला धरून उभी. दोघांनाही तो गार झालेला भात आठवला. मग यांनी, कोणाला कधी न सांगितलेलं, त्या न पाहिलेल्या पोरीला सांगितलं. ताप आला होता, माझ्या जागी माझी बायको बसत होती, अन् एकालाही समजलं नाही.

"मले समजलं होतं," ती म्हणाली.

"कसं काय?"

"तुम्ही रोज मीटिंग संपली की आवाज चालू करून 'चला, येतो' म्हणत होते ना. बाकी सारे बाय म्हणतात नाई तं तसेच जातात. 'येतो' म्हणणारे तुम्ही एकटेच. त्या आठवड्यात तुमचा चौकोन नुसताच बंद होऊन राहिला होता. मी ओळखलं, हे काका नाई."

यांना ही सवय आहे हेच मला कधी जाणवलं नव्हतं. घरातून बाहेर पडताना आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, तेच हे तिथं म्हणत असणार, आणि मी इकडे मशीनच्या आवाजात. आजारपणात मी हजेरी लावली खरी, पण बाहेर पडताना येतो म्हणायचं असतं हे मला कोण सांगणार?

हे म्हणाले, "मंग इचारलं काहून नाई, बाई?"

"साऱ्यांसमोर इचारलं असतं तं तुमचा खाडा लागला असता ना, काका. मले वाटलं, घरी काही असन. म्हणून मी तुमची पानं करून टाकली अन् चूप बसली. मंग तुम्ही आले, पण 'येतो' म्हणणं बंद झालं. मले वाटलं, मी पानं केली म्हणून काका नाराज झाले."

यांनी चष्मा काढून माझ्याच दोरीवरच्या एका अस्तराच्या कापडानं पुसला. मी पुसू दिला. ज्या गोष्टीनं हा माणूस पुरता खचला होता, ती एका पोरीची माया निघाली. आणि त्या मायेच्या बदल्यात यांनी काय केलं, तर आपलं ओझं तिच्याच डोक्यावर ठेवून शेंगा सोलल्या. हे यांना माझ्याआधी कळलं. म्हणाले, "माझं सारं तुझ्यावर टाकलं मी. तुले काही वाटलं नाई?"

"थकली, काका," ती म्हणाली. "मले काही लई काम करायची हौस नाई. सर इचारतात अन् कोणी बोलत नाई, ते सहन होत नाई मले. म्हणून मी हो म्हणते. मंग वाटलं, एक दिवस मी पण बोलत नाई, पाहू काय होते. तं काहीच झालं नाई."

"झालं ना," मी मध्येच बोलले. माझ्याने राहवलं नाही. "माझी मशीन थांबली."

ती हसली की रडली ते फोनवर समजलं नाही. हे तिला म्हणाले, "उद्या ये. तुले काही करायचं नाई. नुसती येऊन बस."

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मीटिंग सुरू होताच आवाज उघडून म्हणाले, सर, मला थोडं बोलायचं आहे. मग अर्ध्या हिंदीत अर्ध्या मराठीत त्यांनी हिंगण्याच्या कंपनी बसचं सांगितलं. बसमध्ये हजेरीची वही नव्हती. पण आपल्या पुढच्या थांब्यावर कोण चढतो, हे आधीच्या थांब्यावरच्याला ठाऊक असायचं, आणि तो माणूस दिसला नाही की त्यानंच ओरडायचं, "थांबव गा, तो आला नाई." ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, तरी नाही आला तर कोणीतरी उतरून त्याचं दार ठोकायचं. कोणी आजारी असेल तर सगळ्या बसला समजायचं, कोणी नुसताच झोपला असेल तर तेही समजायचं, आणि त्याची महिनाभर टिंगल व्हायची. हे म्हणाले, "सर, अपने यहाँ हॉर्न बजाने वाला कोई नहीं है."

इंदूरचा हसला. म्हणाला, काकाजी, हमारी बस में तो सब सो रहे हैं. पण साहेबांना पटलं. प्रत्येकानं आपल्या पुढच्या एकावर नजर ठेवायची. तो नसला तर त्याला फोन करायचा आणि का नाही ते मीटिंगला सांगायचं. कामंही तशीच, थांब्याथांब्यानं, नाव घेऊन. यांचा पुढचा थांबा कळमेश्वरचा, इंदूरवाल्याचा मौद्याची, आणि मौद्याच्या पोरीचा थांबा म्हणजे आमचे हे.

सगळं लगेच गुळासारखं गोड झालं असं समजू नका. कळमेश्वरवाल्याला अजूनही महिन्यातून तीनदा वराडात जावं लागतं, आणि हे रोज सकाळी त्याला फोन करून झापतात. पण साहेबांनी विचारलं की आता ती शांतता पडत नाही, कोणीतरी कोणाचं तरी नाव घेऊन टोचतं. आमचे हे पुन्हा पट्ट्यांची चित्रं काढू लागले. जेवताना डोकं खाऊ लागले. होळी आली, मी पुरणपोळ्या केल्या, आणि वाढता वाढता विचारलं, "कंपनीले कळवलं का?" हे म्हणाले, "काय कळवायचं आहे?" मी तूप थोडं जास्तच वाढलं.

एकदा ती पोरगी घरी आली. नागपुरात काही कामाला आली होती, सोबत फॉल लावायला एक साडी आणली. पोरगी कसली, चांगली दोन मुलांची आई, कानावर केस पिकलेले. आवाजावरून आम्ही तिला उगीच पोट्टी करून ठेवलं होतं. हे तिला पाहून उभे राहिले आणि दोनदा बस म्हणाले. मी तिच्यादेखत मशीन चालवली तर ती म्हणाली, "हेच ते ट्रेन का, काकू?" आणि आम्ही तिघंही हसलो. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला जवळ घेतलं, कारण मला तिला जवळ घ्यायचंच होतं, तिच्या खोकल्याच्या दिवसापासून.

आता परवाचं. मला सुईत दोरा ओवायला त्रास होऊ लागला, म्हणून हे मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. लवकर आटपेल, मीटिंगपर्यंत घरी येऊ, असं म्हणून निघालो. तिथं ही गर्दी. नर्सनं माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसा म्हणाली. मी बाकावर डोळे मिटून बसले, हे शेजारी. मीटिंगची वेळ होऊन गेली, आणि घाईत निघताना यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

यांच्या खिशात फोन वाजला. वाजून थांबला.

"कोण जी?"

"मौद्याची."

पुन्हा वाजला. मी विचारलं, तर म्हणाले, इंदूर. तो थांबतो न थांबतो तोच पुन्हा, कळमेश्वर. त्याचा तर यांच्याशी काही संबंध नव्हता, यांना विचारायचा थांबा त्याचा नव्हता. मग पुण्याचे साहेब. समोरच्या बाकावरची कोणी बाई म्हणाली, अहो, काहीतरी अर्जंट असेल हो. माझे डोळे मिटलेले. यांचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता, अन् तो धड नव्हता.

मी यांचा हात शोधला, धरला, आणि म्हटलं, "उचला ना जी. लोकं घाबरून राहिले असतील."

"उचलतो," हे म्हणाले. "वाजू दे थोडा."